चिठ्ठीत निघालेला होल आणि सवलतीचा फटका

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा ओसरून मैदाने कोरडी झाली की आपल्या गोव्यात हौशी गोल्फच्या स्पर्धा सुरू होतात. हॉटेले, कंपन्या, सेवाभावी मंडळे आणि निवृत्त मित्रांचे लहानमोठे गट त्या भरवतात. त्यांतल्या बऱ्याच स्पर्धा मॅच प्ले पद्धतीच्या असतात, म्हणजे दोघांनी समोरासमोर खेळायचे, एकेक होल (टी नावाच्या सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा टप्पा) कमी फटक्यांत पुरा करून जिंकायचा किंवा हरायचा, आणि शेवटी ज्याच्या नावावर अधिक होल तो विजयी. खेळाडूंच्या ताकदीतला फरक हँडिकॅपच्या हिशेबाने भरून काढलेला असतो. या स्पर्धांत सामना कोणत्या होलपासून सुरू होतो आणि सवलतीचे फटके कोणत्या होलवर मिळतात, या दोन गोष्टींची सांगड आयोजक आधी घालून ठेवत नाहीत, आणि त्यामुळे काही सामन्यांचा निकाल खेळाऐवजी चिठ्ठीवर ठरतो, अशी माझी तक्रार आहे. हंगाम तोंडावर आला असताना या विषयाकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तरी आपण छापाल अशी आशा आहे.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. गोल्फ उतारवयात शिकलो. ज्या वाचकांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, पळण्याच्या शर्यतीत मोठा भाऊ धाकट्याला दहा पावले पुढे उभा करतो, तसाच हँडिकॅप असतो. फरक इतकाच की गोल्फमध्ये ही दहा पावले मोजण्याची पद्धत काटेकोर आहे. 2020 पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली असून तिच्यात खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 फेऱ्यांतल्या, मैदानाच्या अवघडपणानुसार जुळवलेल्या गुणफरकांची सरासरी घेतात, तिला मैदानाच्या स्लोप रेटिंगने (बेताच्या खेळाडूला ते मैदान तुलनेने किती अवघड जाते याच्या आकड्याने) गुणून 113 ने, म्हणजे प्रमाण मानलेल्या स्लोपने, भागतात, मैदानाचे रेटिंग (कसलेल्या खेळाडूला लागणारे फटके) आणि पार (अपेक्षित ठरवलेले फटके) यांतला फरक मिळवतात आणि त्या मैदानापुरता त्या खेळाडूचा हँडिकॅप काढतात. हँडिकॅप जितका मोठा तितका खेळाडू दुबळा. एकेरी मॅच प्लेमध्ये दोघांच्या हँडिकॅपमधला संपूर्ण फरक दुबळ्या खेळाडूला द्यायचा असतो. फोरबॉल, म्हणजे दोघा-दोघांच्या दोन जोड्यांच्या सामन्यात आधी प्रत्येकाचा हँडिकॅप 90 टक्क्यांवर आणतात आणि मग चौघांतल्या सर्वांत कमी हँडिकॅपपासून फरक मोजतात. काही जुने खेळाडू एकेरीतही फरकाचे तीन चतुर्थांशच देण्याचा आग्रह धरतात. ती पद्धत कधीकाळी होती, आज नाही.

आता हे फटके द्यायचे कोणत्या होलवर? त्यासाठी स्कोअरकार्डावर प्रत्येक होलसमोर 1 ते 18 पैकी एक अंक छापलेला असतो, त्याला स्ट्रोक इंडेक्स म्हणतात. फरक 5 फटक्यांचा असेल तर इंडेक्स 1 ते 5 असलेल्या पाच होलवर दुबळ्या खेळाडूच्या धावसंख्येतून, म्हणजे त्याने मारलेल्या फटक्यांतून, एकेक वजा होतो. इंडेक्स 1 म्हणजे मैदानावरचा सर्वांत अवघड होल, असा सर्रास समज आहे आणि तो अपुरा आहे. पाण्यावरून मारायचा लांब पार तीनचा होल कसलेल्या खेळाडूलाही अवघडच जातो, तिथे दोघेही सारखेच अडखळतात. सवलत तिथे हवी जिथे चांगला खेळाडू आणि बेताचा खेळाडू यांच्यात खरोखर अंतर पडते. शिवाय हे अंक नुसत्या अवघडपणाने लावत नाहीत, ते मैदानभर विखुरतात. पहिल्या नऊ होलवर विषम अंक आणि पुढच्या नऊ होलवर सम अंक, अठरा होलचे तीन-तीनचे सहा गट पाडून प्रत्येक नवाच्या मधल्या गटात शक्यतो सर्वांत लहान अंक, आणि लहान अंकांचे होल एकापाठोपाठ येऊ नयेत, अशी त्यामागची सर्वसाधारण शिफारस आहे. ब्रिटनमधल्या जुन्या पद्धतीत तर आणखी एक पथ्य असे होते की, इंडेक्स 1 ते 8 हे पहिल्या आणि अठराव्या होलला देऊ नयेत आणि जिथे सामने दहाव्या होलपासूनही सुरू होतात तिथे नवव्या आणि दहाव्या होललाही देऊ नयेत. म्हणजे सामना कुठून सुरू होतो याचा विचार अंक लावणाऱ्यांनी पूर्वीच केलेला होता. आपल्याकडे शॉटगन स्टार्ट आला आणि तो विचार मागे पडला.

शॉटगन स्टार्ट म्हणजे सगळ्या जोड्यांनी एकाच वेळी, पण वेगवेगळ्या होलवरून खेळ सुरू करायचा. गोव्याच्या उन्हात ही सोय मोठी आहे, हे मी मान्य करतो. सकाळी सातला सगळे सुटले की उन्हाचा कडाका वाढण्याच्या सुमारास सगळे परत येतात, मैदानाच्या कर्मचाऱ्यांना दुपारी पाणी सोडता येते, जेवणही सर्वांचे एकदम होते. कोणत्या जोडीने कुठून सुरू करायचे ते बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरवतात. माझी तक्रार शॉटगन स्टार्टबद्दल नाही. नियमांच्या पुस्तकात फेरीची व्याख्याच अशी आहे की, समितीने ठरवलेल्या क्रमाने खेळलेले अठरा किंवा त्याहून कमी होल. म्हणजे क्रम ठरवण्याचा अधिकार समितीला आहेच. तो अधिकार ती अर्धाच वापरते आणि उरलेला अर्धा चिठ्ठीवर सोडते, हे मला खटकते.

गेल्या हंगामातला माझा स्वतःचा सामना सांगतो. मैदानाचे आणि आयोजकांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांनी जे केले तेच इतर ठिकाणीही होते. माझा हँडिकॅप 17 होता आणि समोरच्या खेळाडूचा 12. तो पंचविशीतला मुलगा, शाळेत असल्यापासून सुटीच्या दिवशी कॅडी म्हणून लोकांच्या बॅगा वाहिलेला, आणि इतरांचे पाहून पाहूनच खेळ शिकलेला. मला त्याच्याकडून 5 फटके मिळणार होते. कार्डावर इंडेक्स 1 पाचव्या होलला होता, 2 चौदाव्याला, 3 दुसऱ्याला, 4 अकराव्याला आणि 5 आठव्याला. मांडणी चांगलीच म्हणावी लागेल. चिठ्ठीत आमच्या जोडीला पाचवा होल निघाला. तिथून सुरुवात करून आम्ही अठराव्यापर्यंत गेलो, मग पहिल्यावर आलो आणि चौथ्या होलवर आमची फेरी संपली तेव्हा सामना बरोबरीत होता. निकाल लागेपर्यंत पुढे खेळायचे, असे समितीने सांगितलेले होते.

नियम असा आहे की, बरोबरी झाल्यास तोच सामना एकेक होलने पुढे वाढवायचा, होलचा क्रम फेरीत होता तोच ठेवायचा आणि सवलतीचे फटकेही फेरीत होते तसेच द्यायचे. समितीने वेगळे काही ठरवले असेल तरच यात बदल. समितीने काहीही ठरवलेले नव्हते. त्यामुळे आम्ही पुन्हा पाचव्या होलच्या टीवर उभे राहिलो, म्हणजे नेमके इंडेक्स 1 च्या होलवर. पार चारचा तो होल लांब आहे आणि ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडे एक व्हाळ (ओढा) आडवा जातो. त्याचा दुसरा फटका व्हाळ ओलांडून ग्रीनच्या मागच्या उतारावर गेला, तिथून त्याने चेंडू हळूच खाली आणला, पण दोन पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, लागले. त्याचे पाच झाले. मी दुसऱ्या फटक्याला व्हाळाच्या अलीकडेच थांबलो, तिसऱ्याला ग्रीनवर आलो आणि दोन पटमध्ये चेंडू होलात घातला. माझेही पाचच झाले. पण माझ्या पाचातून एक वजा झाला, चार राहिले, आणि सामना मी जिंकला.

टीवरच मी समितीच्या माणसाला विचारले होते की, हा होल सवलतीशिवाय खेळलो तर चालेल का? त्याने नकार दिला आणि तो बरोबरच होता, कारण लागू असलेला नियम बाजूला ठेवायचे दोन खेळाडूंनी संगनमताने ठरवले तर दोघेही बाद होतात. पण होल किंवा संपूर्ण सामना समोरच्याला सोडून देण्याची मुभा नियमांत आहे, आणि मी ती वापरली नाही. त्या मुलाने टोपी काढून हात मिळवला आणि म्हणाला, “सर, कार्डावर लिहिलंय तसंच झालं.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तरीही घरी परतताना मला जिंकल्याचा आनंद झाला नाही, आणि त्या रात्री मी कार्ड पुढ्यात घेऊन हिशेब करत बसलो.

त्या हिशेबातून पहिली गोष्ट अशी निघाली की, या विषयावर खेळाडूंची जी नेहमीची तक्रार असते ती चुकीची आहे. “आमचे दोन सवलतीचे फटके शेवटच्या होलवर होते, सामना आधीच संपला आणि ते फुकट गेले,” असे मी अनेकदा ऐकले आहे, आणि पूर्वी स्वतःही म्हटले आहे. समजा, एकाकडे तीन होलची आघाडी आहे आणि दोनच होल उरले आहेत. सामना तिथे संपतो. उरलेल्या दोन्ही होलवर मागे पडलेल्याला फटका मिळणार होता आणि ते दोन्ही होल त्याने जिंकले असते असे धरले, तरी तो एका होलने हरतोच. सामना लवकर संपतो याचा अर्थच असा की, पुढे काहीही झाले तरी विजेता बदलणार नाही. अठरा होलचे अठरा निकाल वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या कोणत्याही क्रमाने उघडल्या तरी शेवटची बेरीज तीच येते. चिठ्ठीत पंधरावा होल निघालेल्या आमच्यासारख्या जोडीत दुबळ्या खेळाडूला पाचवा सवलतीचा फटका थेट चौदाव्या होलवर, म्हणजे फेरीच्या अगदी शेवटच्या होलवर मिळेल, आणि सामना सतराव्या खेळलेल्या होलवर संपला तर तो मिळणारच नाही. पण त्यात त्याचे काही हिरावले गेले, असे म्हणता येत नाही.

यावर कसलेले खेळाडू एक आक्षेप घेतात आणि तो मला पटतो. माणूस म्हणजे चिठ्ठी नव्हे. आठव्या होलपासून सुरुवात करणाऱ्या जोडीत माझ्यासारख्याला पहिल्या सात होलमध्येच तीन फटके मिळतात, तो आघाडी घेतो, समोरचा बिथरतो आणि एरवी जिथे चेंडू सुरक्षित ठेवला असता तिथे ग्रीनवर थेट हल्ला करतो. उलट, फटके शेवटाकडे असतील तर तेवढाच चांगला खेळाडू आधीच पुढे निघून जातो आणि मागच्याचा धीर सुटतो. हा परिणाम खरा आहे, पण तो कधी एकाच्या बाजूने जातो, कधी दुसऱ्याच्या, आणि समितीने तो मोजून भरून काढावा असे कोणी म्हणू शकणार नाही. अठरा होलच्या आत सुरुवातीच्या होलमुळे होणारा फरक एवढ्यावरच संपतो. म्हणून त्याबद्दल कोणी तक्रार घेऊन आले तर आयोजकांनी शांतपणे नकार द्यावा, या मताचा मी आहे.

खरा अन्याय बरोबरीनंतर सुरू होतो, कारण तिथे पहिला जिंकलेला होल शेवटचा ठरतो आणि क्रमालाच सारे महत्त्व येते. तेच कार्ड आणि तोच 5 फटक्यांचा फरक घ्या. सुरुवात पाचव्या होलवर झाली असेल तर बरोबरीनंतर पहिल्याच होलवर दुबळ्या खेळाडूला फटका मिळतो. सुरुवात पहिल्या होलवर झाली असेल तर तो दुसऱ्या जादा होलवर मिळतो. आणि सुरुवात पंधराव्यावर झाली असेल तर पंधरा, सोळा, सतरा, अठरा आणि पुन्हा पहिला असे पाच होल त्याला सवलतीशिवाय तगून राहावे लागते, तेव्हा कुठे सहाव्या जादा होलवर, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या होलवर, पहिला फटका पदरी पडतो. इतके लांबलेले सामने मी तरी फारसे पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्या खेळाडूच्या दृष्टीने सवलत संपल्यातच जमा. दोन जोड्या, दोन्हीत फरक सारखाच, दोन्ही सामने बरोबरीत. एका जोडीत दुबळा खेळाडू निम्मा सामना टीवरच जिंकून उभा राहतो आणि दुसऱ्या जोडीत तो आपल्याहून सरस खेळाडूशी बरोबरीच्या नात्याने झुंजतो. या दोघांत फरक केला तो सकाळी साडेसहाला चहाच्या टेबलावर उघडलेल्या कागदाच्या घडीने. माझ्याबरोबर खेळलेल्या मुलाला त्या घडीने हरवले. मी त्याच्याहून एकही फटका कमी मारला नव्हता.

यावर उपाय नियमांतच आहे आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. जादा होलचा क्रम ठरवण्याचा अधिकार समितीला असल्याने, सामना कुठूनही सुरू झालेला असो, बरोबरीत सुटलेल्या सर्व जोड्या अमुक एकाच होलवर जाऊन पुढे खेळतील, असे तिने चिठ्ठ्या टाकण्याच्या आधी जाहीर करावे. तो होल इंडेक्स 1 ते 4 पैकी नसावा. बहुतेक मैदानांवर पहिला होल यासाठी योग्य ठरतो, कारण तो क्लबहाऊसजवळ असतो आणि अंक लावणाऱ्यांनी त्याला सहसा मधला इंडेक्स दिलेला असतो. चौथ्या होलवर दमलेल्या दोघांना पहिल्या टीपर्यंत चालत जावे लागेल, ही अडचण मला ठाऊक आहे. पण तिथे गाडीने नेऊन सोडता येते, आणि नाहीच तर दहा मिनिटे चालावे. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे फेरीतले एकूण फटके मोजून विजेता ठरवण्याच्या पद्धतीत, हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. तिथे दोघांचे गुण सारखे झाले की शेवटचे नऊ, सहा, तीन होल ताडून पाहतात आणि शॉटगन स्टार्ट असला तरी शेवटचे नऊ म्हणजे कार्डावरचे दहा ते अठरा, असे धरण्याची शिफारस आहे. कोणी कोणते नऊ शेवटी खेळले हे विचारायचे नाही. स्ट्रोक प्लेला जी शिस्त आपण बिनतक्रार पाळतो ती मॅच प्लेला लावताना एवढी उदासीनता का, हे मला कळत नाही.

काही आयोजक मात्र हा प्रश्न ओळखतात आणि त्यावर चुकीचा उपाय करतात, तो उदासीनतेपेक्षा वाईट आहे. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले की, ज्याने जिथून सुरुवात केली तो त्याचा पहिला होल समजावा आणि कार्डावरचा पहिल्या होलचा इंडेक्स तिथे लावावा, दुसऱ्याचा त्याच्या पुढच्या होलला, असे पुढे. ऐकायला हे समान वाटते, कारण प्रत्येक जोडीला फटके एकाच क्रमाने मिळतात. पण त्यात इंडेक्सचा अर्थच नाहीसा होतो. त्या दिवशी आमच्या एका सहकाऱ्याला 120 यार्डांच्या पार तीनच्या होलवर फटका मिळाला, जिथे दोघेही पहिल्याच फटक्याला ग्रीनवर येतात, आणि ज्या लांब होलवर त्याला खरी गरज होती तिथे काहीच मिळाले नाही. सवलतीचे फटके त्या त्या जमिनीशी बांधलेले असतात, खेळण्याच्या क्रमाशी नव्हे. कुठूनही सुरुवात करा, फटका कार्डावर छापलेल्या होलवरच घ्यायचा. हे एक वाक्य सूचनाफलकावर लिहिले तरी सकाळचे निम्मे वाद मिटतील.

आपल्याकडच्या लहान मैदानांवर आणि लहान सामन्यांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो आणि त्यावर तर कोणीच बोलत नाही. ऊन किंवा अवकाळी पाऊस यांमुळे, किंवा केवळ कार्यालयीन स्पर्धा लवकर आटपावी म्हणून, नऊ होलचे सामने ठेवतात आणि अठरा होलचेच कार्ड हातात देतात. विषम अंक पहिल्या नवात आणि सम अंक दुसऱ्या नवात असल्याने 5 फटक्यांचा फरक असलेल्या जोडीत पहिले नऊ खेळणाऱ्याला इंडेक्स 1, 3 आणि 5 असे तीन फटके मिळतात, आणि दहाव्यापासून खेळणाऱ्याला 2 आणि 4 असे दोनच. नऊ होलच्या सामन्यात एक फटका म्हणजे फार झाला. चिठ्ठ्यांमध्ये जोडीला कोणते नऊ निघतात यावर तो अवलंबून राहू नये. समितीने हँडिकॅपमधला फरक निम्मा करून पूर्णांकात घ्यावा आणि त्या नऊ होलपुरते 1 ते 9 असे वेगळे इंडेक्स लावून कागदावर द्यावेत. इथे मात्र मागचे गणित, म्हणजे क्रमाने विजेता बदलत नाही हे, कामाला येत नाही, कारण खेळलेले होलच निराळे असतात.

नऊ होलच्या मैदानावर दोनदा फिरून अठरा होल पुरे करतात तिथे स्थिती बरी आहे. काणकोणात राजबागला नऊ होलचे मैदान असून दुसऱ्या फेरीसाठी वेगळ्या टी आहेत. अशा ठिकाणी कुठूनही सुरुवात केली तरी प्रत्येक होल बरोबर दोनदा येतो, एकदा या टीवरून आणि एकदा त्या टीवरून. फक्त पाचव्या आणि चौदाव्या टीची गल्लत होऊ नये म्हणून टीवर रंगीत खुणा स्पष्ट असाव्यात. बारा होलच्या मैदानावर मात्र गोष्ट अवघड होते. मोबोरला बारा होलचे मैदान आहे, त्यावरून वाचकांना कल्पना येईल. बारा होलवर अठरा खेळायचे म्हणजे सहा होल पुन्हा खेळायचे. पहिल्यापासून सुरुवात केली तर एक ते सहा दोनदा येतात, सातव्यापासून केली तर सात ते बारा दोनदा येतात, आणि शॉटगन स्टार्टमध्ये चौथ्यापासून निघालेल्या जोडीला चार ते नऊ दोनदा येतात. एकाच स्पर्धेतल्या दोन सामन्यांत दोन वेगवेगळी मैदाने खेळल्यासारखे होते. ज्या सहांत लांब पार चार अधिक, ते दोनदा आले तर जोराने मारणाऱ्याचा फायदा, आणि ज्यांत लहान पार तीन अधिक, ते दोनदा आले तर माझ्यासारख्या बेताने मारणाऱ्याचा. कार्डावर इंडेक्स कसेही लावा, ही तफावत त्यांतून भरून निघत नाही.

माझे ठाम मत असे आहे की, बारा होलच्या मैदानावर शॉटगन स्टार्ट ठेवायचा असेल तर सामना बारा होलचाच ठेवावा. फेरी अठराच होलची हवी असे नियम म्हणत नाहीत. फरकाला बाराने गुणून अठराने भागावे, 5 चा फरक असेल तर 3.33, म्हणजे 3 फटके, आणि होलना 1 ते 12 इंडेक्स लावावेत. मग प्रत्येक जोडी तेच बारा होल खेळेल, क्रम कोणताही असो, आणि बरोबरी झाली तर सर्वांनी ठरलेल्या एकाच होलवर जावे. अठरा होल खेळल्याचे समाधान काहींना मिळणार नाही, पण ते सामन्याच्या न्यायापेक्षा मोठे नाही.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. आपल्याकडे स्पर्धेच्या अटी इंग्रजीतून छापतात आणि क्लबहाऊसच्या आत लावतात. कॅडी आणि मैदानावर काम करणारी मुले आता स्पर्धांतही उतरू लागली आहेत, त्यांचा खेळ आमच्यासारख्यांपेक्षा कितीतरी सरस आहे आणि मॅच प्लेमध्ये बहुतेक वेळा फटके देण्याची पाळी त्यांच्यावर येते. कोणत्या होलवर फटके द्यायचे किंवा घ्यायचे हे ठाऊक असण्याची जबाबदारी नियम खेळाडूवर टाकतात. सामन्याआधी स्वतःचा हँडिकॅप चुकून जास्त सांगितला, वेळेत सुधारला नाही आणि त्यामुळे फटक्यांची संख्या बदलली, तर खेळाडू बाद होतो. चुकून कमी सांगितला तर त्याच कमी हँडिकॅपवर खेळावे लागते. एखाद्या होलवर फटका धरायचा राहून गेला आणि वेळेत लक्षात आले नाही, तर ठरलेला निकाल तसाच राहतो. एवढी जबाबदारी ज्यांच्यावर टाकायची त्यांना अटी मराठीत आणि कोकणीत, पहिल्या टीजवळ, वाचता येतील अशा जागी मिळायला नकोत काय? माझ्या सामन्यातल्या त्या मुलाला, जादा होल पाचव्यापासून सुरू होतील, हे आम्ही टीवर पोहोचेपर्यंत माहीत नव्हते. माहीत असते तर चौथ्या होलवर त्याने अर्ध्या मीटरचा पट इतक्या निवांतपणे खेळला नसता, असे तो नंतर मला म्हणाला.

येत्या मोसमात आम्ही दोघेही पुन्हा त्याच स्पर्धेत उतरणार आहोत. त्याचा हँडिकॅप आता 10 वर आला आहे आणि माझा 18 वर गेला आहे, म्हणजे फरक 8 झाला. त्या मैदानावर पहिल्या होलचा इंडेक्स 7 आहे. मी सुचवलेला नियम लागू झाला आणि आमची पुन्हा बरोबरी झाली, तर पहिल्याच जादा होलवर मला फटका मिळेल, हे मी त्याला आणि आयोजकांना आधीच सांगितले आहे. मैदानावरच्या 8 फटक्यांच्या फरकाच्या दुसऱ्या प्रत्येक जोडीलाही तिथे तोच फटका मिळेल. त्याने ते मान्य केले आहे. आयोजकांना मी सूचनाफलकासाठी एक पानाचा मजकूर मराठीत लिहून दिला आहे आणि चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी तो लावावा अशी विनंती केली आहे. इतर आयोजकांपैकी कोणाला तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी तो आनंदाने पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक आणि नियमित वाचक,
दक्षिण गोवा